स्वातीतलं लोखंड, डिचोलीतलं लोखंड

प्रश्न पाठवलाय गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या विज्ञानाच्या टीचरनी, पण मुळात तो त्यांच्या नववीतल्या एका मुलीचा. तिचे वडील लोखंडाच्या खाणीवर ट्रक चालवायचे. शाळेच्या मैदानावर आकाशदर्शन झालं तेव्हा मी सहज म्हणालो होतो, की स्वातीच्या ताऱ्यात सूर्याच्या मानाने लोखंड कमी आहे आणि अशा मोजमापांवरून आकाशगंगेचा इतिहास कळतो. दुसऱ्या दिवशी तिनं वर्गात विचारलं: "खाणीवर मालाचा नमुना काढतात, लॅबमध्ये पाठवतात, मग मालात लोखंड किती, तो ग्रेड कळतो. ताऱ्याचा नमुना कोणी आणला? आणि ग्रेड कळला म्हणून इतिहास कसा कळेल?"

टीचर, हे दोन प्रश्न आहेत आणि दुसरा पहिल्यापेक्षा बराच अवघड आहे. तीसेक वर्षं मी ताऱ्यांचे वर्णपट, म्हणजे त्यांच्या प्रकाशाचे रंगांत फोडलेले पट्टे, मोजण्यातच काढली, तेव्हा उत्तर लांबणार.

आधी नमुन्याचं. नमुना रोज रात्री आपल्या अंगणात येऊन पडतो. प्रकाश हाच नमुना. मुलांना घरी मोठ्या माणसांसमोर गॅसच्या निळ्या ज्योतीवर चिमूटभर मीठ भुरभुरायला सांगा. मीठ आगरवाड्याच्या मिठागरातलं असो की दुकानातल्या पाकिटातलं, ज्योत पिवळीधमक होते. तो पिवळा रंग सोडियमचा. हाच प्रकाश फटीतून आणि लोलकातून नेला तर त्याच्या जवळजवळ चिकटलेल्या दोन रेषा दिसतात, ५८९० आणि ५८९६ अँगस्ट्रॉमला (अँगस्ट्रॉम हे प्रकाशाची तरंगलांबी मोजायचं एकक). जगात कुठंही, कशातही सोडियम तापवा, रेषा तिथंच पडतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांच्या जागा अशा ठरलेल्या आहेत, कारण त्याच्या अणूतल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत.

सूर्याच्या वर्णपटात बरोबर त्याच जागी दोन काळ्या रेषा आहेत. आतला दाट, तापलेला वायू सगळे रंग सोडतो. वरच्या विरळ आणि थोड्या थंड थरातलं सोडियम त्यातला नेमका आपला रंग शोषून घेतं. योसेफ फ्राउनहोफरनं १८१४ मध्ये या काळ्या रेषांचा नकाशा करायला घेतला आणि पाचशेहून अधिक रेषा नोंदवल्या, पण त्या कशाच्या ते त्याला उलगडलं नाही. किर्खोफ आणि बुन्सेन यांनी १८५९-६० मध्ये ते दाखवून दिलं.

इथं एक गोष्ट दुरुस्त करायला हवी, कारण आपल्या शेजारच्याच किल्ल्याची आहे. हेलियमचा शोध लॉकयर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं विजयदुर्गावर बसून लावला, असं शाळांतून आजही सांगितलं जातं. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं हे खरं. जान्सेन हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ त्यासाठी गुंटूरला आला होता. लॉकयर मात्र इंग्लंडमध्येच होता. ग्रहण नसतानाही हेलियमची पिवळी रेषा त्यानं ऑक्टोबरमध्ये तिथूनच पाहिली. विजयदुर्गला तो आला तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. ती रेषा सोडियमच्या जोडीच्या अगदी शेजारी, ५८७६ ला आहे, आणि पृथ्वीवर तोपर्यंत माहीत असलेल्या कुठल्याच द्रव्याशी ती जुळत नव्हती. पृथ्वीवर हेलियम हाती लागायला १८९५ उजाडलं. नमुना न आणता नवं मूलद्रव्य सापडू शकतं, याचा याहून चांगला पुरावा मुलांना देता येणार नाही.

आता त्या मुलीच्या 'ग्रेड' या शब्दाकडे येतो. रेषा दिसली म्हणजे द्रव्य आहे एवढं कळलं. किती आहे? रेषा जितकी गडद तितकं द्रव्य जास्त, असं वाटतं. तसं नसतं. सूर्याच्या दृश्य वर्णपटात सगळ्यांत गडद रेषा कॅल्शियमच्या आहेत. प्रत्यक्षात सूर्यात दहा लाख हायड्रोजन अणूंमागे कॅल्शियमचे जेमतेम दोन अणू आहेत. लोखंडाचे सुमारे बत्तीस, मॅग्नेशियमचे चाळीस, ऑक्सिजनचे पाचशेच्या आसपास.

मग दोन अणूंची रेषा एवढी ठसठशीत का? कारण सूर्याच्या तापमानाला कॅल्शियमचे जवळजवळ सगळे अणू नेमक्या त्या रंगाचं शोषण करण्याच्या अवस्थेत असतात. हायड्रोजनच्या दृश्य रेषांसाठी मात्र इलेक्ट्रॉन आधीच वरच्या पायरीवर चढलेला लागतो, आणि सूर्यावर असे अणू फारच थोडे. कुठल्या तापमानाला कुठल्या द्रव्याचे किती अणू कुठल्या अवस्थेत असतील, हे काढण्याचं समीकरण मेघनाद साहांनी १९२० मध्ये मांडलं. सेसिलिया पेन या तरुण संशोधिकेनं ते ताऱ्यांना लावलं आणि १९२५ च्या प्रबंधात तिला उत्तर मिळालं, की तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे आहेत. तेव्हा सगळे धरून चालले होते की तारे पृथ्वीसारख्याच मिश्रणाचे असतात. हेन्री नॉरिस रसेलसारख्या मोठ्या खगोलशास्त्रज्ञाच्या दबावाखाली तिला आपल्याच निष्कर्षापुढे 'हे बहुधा खरं नसावं' अशा अर्थाचं वाक्य घालावं लागलं. चार वर्षांनी रसेल स्वतः त्याच उत्तराला पोचला. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला मी पहिल्या आठवड्यात ही हकिगत सांगत आलो आहे.

रोजच्या कामात आमचा भरवसा लोखंडावर असतो. त्याच्या रेषा हजारोंनी आहेत आणि म्हणून तेच आपली तपासणी करू देतं. समजा एका ताऱ्यातल्या लोखंडाच्या शंभर रेषा मोजल्या. लोखंड एकच आहे, तेव्हा शंभर रेषांनी एकच प्रमाण सांगायला हवं. खालच्या पायरीवरून निघणाऱ्या रेषा एक आकडा सांगताहेत आणि वरच्या पायरीवरच्या दुसरा, तर तापमान चुकीचं धरलं आहे. साधं लोखंड आणि एक इलेक्ट्रॉन गमावलेलं लोखंड यांचं जमत नसेल, तर पृष्ठभागावरचं गुरुत्व चुकलं. बारीक आणि ठळक रेषांत तफावत असेल, तर वातावरणातली खळबळ चुकली. तिन्ही जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा गणित. तापमानात शंभर अंशांची चूक झाली तरी लोखंडाचा आकडा दहा ते पंचवीस टक्क्यांनी सरकू शकतो.

एक अनुभव सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका दुर्बिणीवर मी एक अंधूक, लोखंड फार कमी असलेला तारा घेतला होता. चंद्र वर होता आणि आकाशात पातळ ढग. तासाभराचा प्रकाश गोळा केला. मोजल्यावर लोखंड अपेक्षेच्या जवळजवळ दुप्पट आलं. महिनाभर मी त्या ताऱ्यात काहीतरी विशेष आहे असंच धरून चाललो. मग एका दुपारी वर्णपट मोठा करून बघताना दिसलं, की ठळक रेषांच्या शेजारी थोड्या अंतरावर एकेक पुसट जुळी रेषा आहे. तारा आमच्यापासून सेकंदाला सुमारे दोनशे किलोमीटर वेगानं दूर जात होता, त्यामुळे त्याच्या रेषा तीनेक अँगस्ट्रॉमनी तांबड्याकडे सरकलेल्या होत्या. पुसट जुळ्या मात्र बरोबर सूर्याच्या जागी होत्या. तो ढगांनी विखुरलेला चांदण्याचा उजेड होता, म्हणजे सूर्याचाच वर्णपट, आणि जिथं रेषांची दाटी होती तिथं सूर्याच्या रेषा मी ताऱ्याच्या म्हणून मोजल्या होत्या. तेव्हापासून प्रमाण काढण्याआधी शेजारच्या रिकाम्या आकाशाचा वर्णपट वजा केलाय का, हे मी पहिलं विचारतो.

आता दुसरा प्रश्न. एका ताऱ्याच्या ग्रेडवरून इतिहास कसा कळतो?

ताऱ्याचं सगळं जळण गाभ्यात चालतं. बाहेरचा थर, जिथून प्रकाश आपल्याकडे निघतो, तो बहुतेक आयुष्यभर तसाच राहतो. म्हणजे ज्या ढगातून तारा जन्मला त्या ढगाचं मिश्रण त्याच्या कातडीत जपलेलं असतं. (लिथियम याला अपवाद, ते सहज जळून जातं, आणि तारा म्हातारा होऊन फुगला की कार्बन आणि नायट्रोजन आतून वर येतात. म्हणून इतिहासासाठी आम्ही या तिघांवर विसंबत नाही.) सूर्याच्या पाऊण वस्तुमानाचा तारा विश्वाच्या आजच्या वयापेक्षा, म्हणजे १३८० कोटी वर्षांपेक्षा जास्त जगतो. तेव्हा आकाशगंगेच्या अगदी सुरुवातीला जन्मलेले छोटे तारे आजही आपल्यात आहेत, आणि त्यांच्यात त्या वेळचा वायू जसाच्या तसा आहे.

सुरुवातीच्या विश्वात फक्त हायड्रोजन, हेलियम आणि नखभर लिथियम होतं. बाकी सगळं पुढं ताऱ्यांनी केलं. १९५७ मध्ये बर्बिज दांपत्य, फाउलर आणि हॉइल यांनी कुठलं द्रव्य ताऱ्यात कुठल्या मार्गानं होतं, याची जवळजवळ पूर्ण मांडणी केली. आपल्या जयंत नारळीकरांचे गुरू ते हेच हॉइल. त्याआधी १९५१ मध्येच चेंबरलेन आणि ॲलर यांनी दोन तारे दाखवले होते, ज्यांच्यात लोखंड सूर्यापेक्षा पुष्कळ कमी होतं. सगळे तारे एकाच मिश्रणाचे असतात, ही समजूत तिथं मोडली.

यावरून लोकांना वाटतं, लोखंड कमी तो तारा जुना, जास्त तो नवा. वर्तमानपत्रांतही असंच लिहिलेलं असतं. हे अर्धवट आहे, आणि मला या उत्तरात एकच गोष्ट पोचवायची असेल तर ती ही: नुसतं लोखंड हे घड्याळ नाही. आकाशगंगेच्या मध्याजवळ तारे इतक्या झपाट्यानं बनले आणि फुटले, की थोड्याच काळात तिथं लोखंड भरपूर झालं. दूरच्या छोट्या दीर्घिकेत, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच पण वेगळ्या तारासमूहात, त्याच काळात जेमतेम काही झालं. एकाच वयाचे दोन तारे, ग्रेड वेगळे. इतिहास वाचायचा तर लोखंडाबरोबर मॅग्नेशियमही मोजावं लागतं, आणि दोघांचं एकमेकांशी प्रमाण बघावं लागतं.

कारण ही दोन द्रव्यं वेगवेगळ्या वाटांनी येतात. सूर्याच्या आठपटींहून जड तारे चारेक कोटी वर्षांच्या आतच फुटतात, काही तर चाळीसेक लाख वर्षांतच. खगोलाच्या हिशोबात हे लगेचच. त्यांच्यातून ऑक्सिजन, मॅग्नेशियम, सिलिकॉन भरपूर बाहेर पडतं, लोखंड मात्र थोडं. दुसरी वाट श्वेतबटूंची. सूर्यासारखा तारा संपल्यावर उरलेला हा गाभा जोडीदारामुळे कधीतरी पेटतो आणि संपूर्ण फुटतो. त्यात सूर्याच्या वस्तुमानाच्या निम्म्याहून अधिक लोखंड एका फटक्यात तयार होतं. आधी किरणोत्सारी निकेल बनतं, त्याचं कोबाल्ट, त्याचं लोखंड. मॅग्नेशियम जवळजवळ नाहीच. पण हे व्हायला कोट्यवधी, कधी शेकडो कोटी वर्षं लागतात.

आपल्याकडे पहिला मोठा पाऊस पडला की ओहोळ त्याच संध्याकाळी फुगतो, विहिरीला पाणी चढायला मात्र आठवडे जातात. ओहोळ आणि विहीर दोन्ही बघितलं तर पाऊस कधी सुरू झाला आणि किती दिवस चालला, हे न विचारता सांगता येतं. मॅग्नेशियम म्हणजे ओहोळ, लोखंड म्हणजे मुख्यतः विहीर. जुन्या ताऱ्यांत लोखंडाच्या मानानं मॅग्नेशियम जास्त असतं, सूर्याच्या दुपटीहूनही अधिक. मग श्वेतबटू फुटायला लागतात, लोखंड वाढतं आणि हे प्रमाण उतरायला लागतं. उतार कुठल्या ग्रेडला सुरू झाला, यावरून त्या ठिकाणी तारे किती वेगानं बनत होते ते कळतं. आपल्या आकाशगंगेच्या जाड तबकडीत, म्हणजे मधल्या पातळ तबकडीच्या वर-खाली पसरलेल्या जुन्या ताऱ्यांच्या थरात, तो उतार लोखंड सूर्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास पोचल्यावर लागतो. छोट्या, संथ दीर्घिकांत तो फार आधी लागतो.

याचा सगळ्यांत सुंदर उपयोग माझ्या डोळ्यांदेखत झाला. २०१० मध्ये निसेन आणि शुस्टर यांनी सूर्याच्या परिसरातून जाणाऱ्या ९४ ताऱ्यांची मोजमापं प्रसिद्ध केली. लोखंड सारखं असलेल्या ताऱ्यांतही मॅग्नेशियमच्या प्रमाणावरून दोन स्वच्छ रांगा पडल्या होत्या. खालच्या, म्हणजे मॅग्नेशियम कमी असलेल्या रांगेतले तारे बाहेरून, गिळल्या गेलेल्या छोट्या दीर्घिकांतून आले असावेत, असं त्यांनी सुचवलं. तो आलेख मी छापून टेबलासमोर लावला होता. फरक बारीक होता, पण मोजणी इतकी काटेकोर होती की अविश्वास दाखवायला जागाच नव्हती. एप्रिल २०१८ मध्ये गाया या युरोपीय अंतराळ दुर्बिणीनं शंभर कोटींहून अधिक ताऱ्यांची अंतरं आणि सरकणं जाहीर केलं. हेल्मी आणि बेलोकुरोव्ह या खगोलशास्त्रज्ञांच्या गटांना त्या वर्षी गायाच्या मोजमापांत लांबट कक्षांत मध्याकडे जाऊन परत येणाऱ्या ताऱ्यांचा मोठा जथा स्पष्ट दिसला. रसायन तपासलं तर तीच खालची रांग. सुमारे हजार कोटी वर्षांपूर्वी आपल्या आकाशगंगेनं एक चांगली मोठी दीर्घिका गिळली होती. तिला आता गाया-एन्सेलाडस म्हणतात. गाया नसती तर खात्री पटली नसती, हे मान्य. पण पहिली खूण वर्णपटांनी दिली होती, नव्वदेक ताऱ्यांवर.

जड द्रव्यांबद्दल थोडक्यात. सोनं, युरोपियम, युरेनियम यांच्यासाठी न्यूट्रॉनांचा भडिमार लागतो. सूर्यात एक लाख कोटी हायड्रोजन अणूंमागे युरोपियमचे तीनच अणू आहेत आणि तरीही त्याची रेषा मोजता येते. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याच्या गुरुत्वलहरी टिपल्या गेल्या आणि त्या स्फोटाच्या उजेडात पुढं स्ट्रॉन्शियम या अशाच एका जड द्रव्याची खूण मिळाली. सगळं सोनं अशाच टकरींतून आलं का, हा वाद अजून मिटलेला नाही. लवकर जन्मलेल्या ताऱ्यांतही युरोपियम दिसतं, आणि टकरीला वेळ लागतो. माझं मत विचाराल तर दुसरी एखादी, लवकर घडणारी वाट नक्की आहे.

दुसऱ्या टोकाला असेही तारे आहेत ज्यांच्यात लोखंडाची एकही रेषा दिसत नाही. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातून सापडलेल्या एका ताऱ्यात लोखंड सूर्याच्या एक कोटीव्या हिश्शाहूनही कमी आहे. कार्बन, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि लिथियम एवढंच दिसलं. ज्या ढगातून तो जन्मला त्यात त्याच्या आधी बहुधा एकच तारा फुटला होता.

आज हे काम एकेका ताऱ्यावर चालत नाही. ऑस्ट्रेलियातल्या गालाह सर्वेक्षणानं एका वेळी सुमारे चारशे काचतंतूंनी चारशे ताऱ्यांचा प्रकाश घेतला. अमेरिकेतून आणि चिलीतून चाललेल्या अपोजी सर्वेक्षणानं अवरक्त प्रकाशात धुळीपलीकडचा, आकाशगंगेच्या मध्याकडचा भाग पाहिला. लाखो ताऱ्यांची प्रमाणं यंत्रंच काढतात. तरी आकडा विचित्र आला की कोणीतरी बसून तो वर्णपट डोळ्यांनी बघावाच लागतो. आपल्याकडे तामिळनाडूत कावलूरची २.३ मीटरची आणि लडाखमध्ये हानलेची २ मीटरची दुर्बीण अशा ताऱ्यांच्या सविस्तर वर्णपटांसाठी वापरली जाते.

आता स्वाती. मेच्या अखेरीस रात्री दहा-साडेदहाला गोव्यातून तो जवळजवळ डोक्यावर असतो. सप्तर्षीच्या शेपटीची कमान पुढं वाढवत न्या, नारिंगी ठळक तारा लागेल. अंतर ३७ प्रकाशवर्षं. लोखंड सूर्याच्या सुमारे ३० टक्के, पण लोखंडाच्या मानानं मॅग्नेशियम सूर्याच्या दुपटीहून थोडं जास्त. म्हणजे श्वेतबटूंचं लोखंड पुरतं मिसळायच्या आधी, झपाट्यानं तारे बनण्याच्या काळात तो जन्मला. सूर्य ४६० कोटी वर्षांचा. स्वाती त्याहून कितीतरी जुना. तो आपल्याबरोबर फिरतही नाही. सूर्याच्या मानानं सेकंदाला सव्वाशेच्या आसपास किलोमीटर वेगानं आपल्या शेजारून निघून चालला आहे. तारे स्थिर नाहीत हे हॅलीनं १७१८ मध्ये ज्या ताऱ्यांवरून ओळखलं, त्यांत स्वाती होता.

त्या मुलीला डिचोलीच्या लोखंडाबद्दलही सांगा. ते पृथ्वी बनायच्या आधीच, म्हणजे ४६० कोटी वर्षांपूर्वीच्या ढगात तयार होतं. त्यातलं निम्म्याहून अधिक श्वेतबटूंच्या स्फोटांतलं, उरलेलं जड ताऱ्यांतलं. पुढं ते पृथ्वीच्या प्राचीन समुद्रतळावर थरांनी साचलं आणि वडिलांच्या ट्रकमध्ये भरलं गेलं. स्वाती जन्मला तेव्हा श्वेतबटूंची ही वाट अजून जेमतेम सुरू झाली होती.

आणि नमुना तिला स्वतः बघू द्या. बुटांचं रिकामं खोकं घ्या, एका टोकाला दाढीच्या दोन ब्लेडांच्या धारा समोरासमोर चिकटवून केसाएवढी फट करा (ब्लेडांचं काम तुम्ही करा), दुसऱ्या टोकाला जुन्या डीव्हीडीचा तुकडा तिरका बसवा आणि वर डोळ्यापुरतं भोक ठेवा. फट दिवसाच्या उजळ आकाशाकडे धरायची, सूर्याकडे कधीही नाही. रंगांच्या पट्ट्यात आडव्या-उभ्या पुष्कळ खुणा दिसतील; फटीला समांतर असतात त्याच खऱ्या. पिवळ्यात सोडियमची रेषा आधी सापडेल. मग हिरव्यात बघायला सांगा. तिथं दोन काळ्या रेषा जवळजवळ आहेत. पिवळ्याच्या बाजूची, ५२७० ची, मुख्यतः लोखंडाची. निळ्याच्या बाजूची थोडी रुंद, ५१७० ते ५१८० च्या दरम्यानची, मॅग्नेशियमची.